पाय आणि पावती : मॅरेथॉन पळून रुग्णांसाठी पैसे कसे उभे करायचे

पळण्यानं पैसे येत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पहिल्या वर्षी माझा तोच गैरसमज होता. डायलिसिसवरच्या रुग्णांसाठी मुंबईला ४२ किलोमीटर पळणार आहे, असा स्टेटस टाकला आणि गप बसले. पंच्याऐंशी जणांनी बघितला, वीसेक जणांनी हात जोडले, दोघांनी ‘नाद खुळा’ लिहिलं आणि पैसे एकानं दिले. तो एक म्हणजे माझा सख्खा भाऊ. तेही आईनं दोनदा सांगितल्यावर.

पैसे मागितल्यावर येतात. पळण्याचा उपयोग एवढाच की मागायला तोंड राहतं. जी बाई पहाटे पाचला कोल्हापूरच्या रंकाळा तलावाभोवती घिरट्या घालताना दिसते, तिला “कशाला मागतेस?” म्हणून झटकून टाकायला लोक जरा कचरतात. म्हणून सराव दोन करायचे असतात, पायांचा आणि मागण्याचा, आणि दोन्ही वीस वीस आठवडे. मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिते, त्यामुळे दुसऱ्या सरावाबद्दल जरा जास्त बोलणार. पळण्याबद्दल सांगणारे कोल्हापुरात काही कमी नाहीत. पहाटे विद्यापीठाच्या रस्त्याला उभं राहा, फुकट सल्ला देणारा पाच मिनिटांत भेटतो.

पैसा नेमका कुठं अडतो ते बघा

‘गरजू रुग्णांसाठी’ असं मोघम मागितलं तर लोक मोघमच ऐकतात. एक आजार धरा आणि त्या आजारात सरकारी मदत कुठं येऊन थांबते ते शोधा.

डायलिसिसचंच घ्या. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला साधारण आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास मशीनला लावावं लागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. २०१६ पासून केंद्राचा डायलिसिस कार्यक्रमही आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. म्हणजे मशीनचा खर्च बऱ्याच जणांचा सुटतो. मग अडतं कुठं? हे कळायला मी एका डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर दोन सकाळी बसून राहिले. गगनबावड्याकडून नवऱ्याला घेऊन आलेल्या एका वहिनी म्हणाल्या, “मशीनचं पैसं लागत न्हाईत ताई. याय-जायाचं लागत्यात.”

एका बाजूनं पन्नास-पंचावन्न किलोमीटर. एसटीत सवलत असते, पण मशीनवरून उतरलेल्या माणसाचा रक्तदाब खाली आलेला असतो, पाय लटपटत असतात. त्याला गर्दीत उभ्यानं कसं न्यायचं? मग वडाप, म्हणजे माणसं गोळा करत जाणारी खासगी जीप, नाहीतर गावातल्या कुणाची तरी गाडी. वर वहिनींचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो, आठवड्यातून तीन दिवस. माझं पुढचं सगळं मागणं त्या एका वाक्यावर उभं राहिलं.

तुम्हाला टाइप-१ मधुमेहाची मुलं जवळची वाटत असतील तर रोजचं इन्सुलिन आणि साखर तपासायच्या पट्ट्या यांचा हिशेब मांडा. थॅलेसेमिया असेल तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायला येण्याचा मांडा. आजार कुठलाही असो, बाकावर जाऊन बसणं चुकवू नका. मोठ्या सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटा. कुठल्या कागदावाचून कोण परत गेलं आणि कुठल्या गोळीसाठी कुणी मंगळसूत्र मोडलं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

आणि रुग्णाचा फोटो काढून फिरवू नका. नळ्या लावलेल्या माणसाचा फोटो टाकला की पैसे लवकर येतात, खरं आहे. पण त्या माणसाला गावात परत जायचं असतं.

पावतीपुस्तक कुणाचं?

कोल्हापुरात वर्गणी मागणं ही नवी गोष्ट नाही. तालीम, मंडळ, गणपती, जत्रा, फुटबॉलची टीम, दर महिन्याला कुणीतरी पुस्तक घेऊन दारात असतो. त्यामुळे देणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसतो, ‘जातात कुठं?’ हा असतो. त्याचं उत्तर त्यानं विचारायच्या आधी तुमच्या हातात पाहिजे.

संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहे ना, ते बघा. आयकर विभागाकडची १२-ए (संस्थेला करमाफी) आणि ८०-जी (देणाऱ्याला करात वजावट) म्हणून ओळखली जाणारी दोन्ही प्रमाणपत्रं मागा. गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. संस्थेत स्वतः जा. हसत हसत फाइल पुढं केली तर पुढचं बोला, “तुम्हाला कशाला हवेत?” असं आलं तर चहा पिऊन उठा. मग तुमच्या कारणासाठी आलेले पैसे वेगळ्या नोंदीत ठेवतील का, हे विचारा आणि तसं दोन ओळींचं पत्र घ्या. तोंडी ‘होय ताई’ वर मी आता विसंबत नाही.

पैसे थेट संस्थेच्या खात्यात जायला हवेत. पहिल्या वर्षी मी माझाच क्यूआर कोड पाठवला होता, लोकांना सोपं जावं म्हणून. पंधरा दिवसांनी पासबुक उघडलं तर त्यात भिशीचे पैसे, पोराच्या क्लासची परत आलेली फी, जावेनं पाठवलेले भाजीचे १८० रुपये आणि देणग्या असा सगळा काला. कुणाचे ५०० कशाचे, हे लावत रात्री दोन वाजेपर्यंत बसले. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिणारी बाई स्वतःच्या घरात अशी अडकली. वर एका नातेवाइकानं लग्नात चारचौघांत विचारलं, “काय मग, बूट नवे दिसतात!” बूट माझ्या पगारातले होते. पण पावती नव्हती, त्यामुळे तोंडही नव्हतं. त्या दिवसापासून क्यूआर संस्थेचा, खातं संस्थेचं, पावती संस्थेची. शर्यतीची फी, बूट, रेल्वेचं तिकीट, मुंबईतला मुक्काम हे सगळं माझं, देणगीतला एक रुपया त्यात नाही. हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहून टाकते.

नोंदणी नसलेला ग्रुप किंवा मंडळ करून स्वतःच्या नावानं निधी गोळा करायचा असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच, कलम ४१-क खालची. एकट्यादुकट्यानं त्या भानगडीत पडण्यापेक्षा नोंदणीकृत संस्थेचं पुस्तक घेऊन फिरणं बरं.

पैशाच्या आणखी चार गोष्टी, ज्या लोक हमखास विचारतात. ८०-जीची वजावट जुनी करपद्धत घेतलेल्यांनाच मिळते, नव्या पद्धतीत नाही. अशा संस्थांना दिलेल्या रकमेच्या सहसा ५० टक्के, तीही मर्यादेत, आणि रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर काहीच नाही. प्रमाणपत्रासाठी देणाऱ्याचा पॅन लागतो, तो देतानाच मागून घ्या. मार्चमध्ये मागत फिरलात तर लोक फोन उचलत नाहीत. परदेशातल्या भाच्याचं जरा जपून. तो भारतीय पासपोर्टवर असेल तर अडचण नाही, पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्याची देणगी परकीय ठरते, आणि संस्थेकडे परकीय देणगीची नोंदणी असल्याशिवाय ती घेता येत नाही. आणि ऑनलाइन देणग्या जमवणाऱ्या वेबसाइटवर जायचं असेल तर देणाऱ्यासमोर ‘टिप’ म्हणून आपोआप वाढवलेली रक्कम येते का ते स्वतः १०० रुपये देऊन बघा. माझ्या काकांच्या १,००० चे असेच वाढून गेले, आणि ते अजून मला ऐकवतात.

शर्यत कुठली, सुरुवात कधी

टाटा मुंबई मॅरेथॉन सहसा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. ही शर्यत २००४ मध्ये सुरू झाली. कोल्हापूरकराला ही तारीख सोयीची, कारण सरावाचे अवघड आठवडे नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत येतात. साधी नोंदणी हुकली तर संस्थांमार्फत मिळणारी चॅरिटी बिब हा मार्ग असतो (बिब म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक). त्यात ठरावीक रक्कम जमवायची जबाबदारी तुमच्यावर येते. अटी दरवर्षी बदलतात, त्या वर्षाच्या वाचा आणि सही करण्याआधी विचारा की रक्कम कमी पडली तर फरक कुणी भरायचा.

आज तुम्हाला सलग दहा किलोमीटर पळता येत नसेल तर या वर्षी पूर्ण मॅरेथॉनच्या वाटेला जाऊ नका. अर्धी पळा, २१ किलोमीटरला देणारेही तेवढंच देतात. चाळिशी ओलांडली असेल, साखर-बीपी असेल, घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल तर आधी डॉक्टर आणि ईसीजी. ते म्हणतील तर स्ट्रेस टेस्टही. बायकांनी हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय सुरू करूच नये. माझं ९.८ निघालं होतं आणि मी समजत होते की मी आळशी झालेय.

पाय

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपासून वीस आठवडे मागं मोजलं की सप्टेंबरचा पहिला आठवडा येतो. त्याआधीचे पावसाळ्याचे महिने नुसतं पायाखाली अंतर घालायचे, वेगाचं नाव काढायचं नाही. पाऊस कोसळत असेल तर घरात बैठका मारा. कोल्हापुरात बैठका कशा मारायच्या हे मी सांगायला नको. पंधराच्या तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. गुडघ्याला त्याइतकं स्वस्त औषध नाही.

सप्टेंबरपासून आठवड्यात चार दिवस. मंगळवारी आणि शनिवारी सहा-आठ किलोमीटर आरामात, म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढ्याच वेगानं. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. गुरुवारी चढ. रविवारी लांबचं पळणं, आणि ते साधारण असं वाढवायचं : १२, १४, १६, मग उतरून १२, पुन्हा १८, २०, २२, आणि १६, मग २४, २६, २८, आणि १८. दर चौथा आठवडा हलका, हे लोकांना पटत नाही. “फॉर्मात असताना कशाला थांबायचं?” म्हणून माझा एक मित्र थांबला नाही, आणि डिसेंबरभर पिंडरीला पट्टी बांधून आम्हाला पाणी द्यायला उभा होता. शर्यतीआधी तीन आठवडे एकदाच ३० ते ३२. त्यानंतर कमी करत जायचं. पूर्ण ४२ सरावात पळायचं नसतं.

जागा. रंकाळा सपाट आहे, सोबत मिळते, पाण्यावरून वारा येतो, पण शालिनी पॅलेसच्या बाजूनं फेऱ्या घालून घालून विसाव्या किलोमीटरला डोकं फिरतं. विद्यापीठाच्या आवारात चढउतार आहेत आणि गाड्या कमी, गुरुवारसाठी उत्तम. खरा चढ हवा असेल तर पन्हाळ्याचा रस्ता. शहरापासून गड वीस-एक किलोमीटर, आणि वाघबीळच्या पुढं घाट सुरू झाला की कुणाच्या पायात काय आहे ते कळतं. मुंबईत शेवटी शेवटी पेडर रोडचा चढ येतो, तो वाघबीळच्या मानानं काहीच नाही. पण तो पाय संपल्यावर येतो, म्हणून घाट एकदोनदा थकलेल्या पायांनीही चढून बघा.

नोव्हेंबरमध्ये कारखाने सुरू झाले की आमच्याकडचे रस्ते बदलतात. दोन दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात येतो, मागं दिवा नाही, गाणं मोठ्यानं. बाजूला पडलेल्या उसाच्या कांड्यावरून पाय सरकला तर मॅरेथॉन तिथंच संपली. चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घाला, समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून पळा, कानात काही घालू नका. कुत्री धावून आली की थांबा आणि चालायला लागा. पळालात की पाठलाग ठरलेला. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. हळद, चुना, तंबाखू काही भरायचं नाही. बायकांनी अंधारात एकटीनं बाहेरचा रस्ता धरू नये असं मी म्हणते, आणि मला हे म्हणावं लागतं याचा रागही येतो.

खाणं. दीड तासाच्या वर पळायचं असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात. लोक महागडी जेलची पाकिटं आणतात. आपल्याकडे गूळ आहे. तीस ग्रॅमचा खडा म्हणजे साधारण अठ्ठावीस ग्रॅम साखरच. मी शनिवारी रात्री गुळाचे खडे फोडून बटर पेपरमध्ये गुंडाळते आणि खिशात घालते. पहिल्यांदा नुसते कागदात गुंडाळले होते, तर घामानं पाघळून चड्डीचा खिसा असा चिकटला की मुंग्या घरापर्यंत आल्या. गुळावर लगेच दोन घोट पाणी. मध्ये अर्धं केळं. पाणी तहानेनुसार प्या. जास्त पाणी ढोसल्यानं रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो, म्हणून लांबच्या पळण्यात ओआरएस ठेवा, पाकिटावर लिहिलेल्या मापानंच कालवलेलं. जे शर्यतीत खाणार ते आधी चार रविवार खाऊन बघितलेलं असलं पाहिजे. शनिवारी रात्री तांबडा-पांढरा नको, मिसळ तर नकोच. वरण-भात, बटाट्याची भाजी. रविवारी पळून झाल्यावर गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं, ते मात्र कुणाला विचारून नाही.

दुखतंय म्हणून पळण्याआधी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेणारे मी बघितलेत. अंगात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. डायलिसिसच्या रुग्णांसाठी पळायचं आणि स्वतःची मूत्रपिंडं पणाला लावायची, हा कुठला धंदा? छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचं. बाकी दुखणी चालून बघायची.

बूट मापापेक्षा अंगठ्याएवढी जागा सोडून घ्या, सहाशे-आठशे किलोमीटरला बदला, आणि शर्यतीच्या आदल्या आठवड्यात नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपला घालून कुणाच्या लग्नात मिरवू नका. अनुभव आहे.

एक किलोमीटर, एक नाव

आता आकडा. ‘जमेल तेवढे’ हे लक्ष्य ठेवलं की जमतच नाहीत. मी असं करते : ४२ किलोमीटर ४२ जणांना वाटायचे, एक किलोमीटर १,१०१ रुपये. त्याचे होतात ४६,२४२. उरतात १९५ मीटर. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सोडली आणि राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवली, त्यातून आलेलं अंतर १९२१ मध्ये कायमचं ठरलं. राजाच्या हौसेचे ते मीटर मी १०१ रुपयाला एक असे विकते. १९५ गुणिले १०१ म्हणजे १९,६९५. एकूण ६५,९३७.

हा आकडा कशाला पुरतो, हे सांगता आलं पाहिजे. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ फेऱ्या. रुग्ण आणि सोबतचं माणूस, दोघांचे जाऊन-येऊन ४०० धरले तर ६२,४०० होतात. म्हणजे माझी सगळी मॅरेथॉन मिळून एका माणसाचं एका वर्षाचं गाडीभाडं. एवढंच? होय, एवढंच. पण “तुमच्या १,१०१ मध्ये जवळजवळ तीन फेऱ्या बसतात” असं सांगितलं की देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वडापची गाडी उभी राहते.

मीटर विकायची कल्पना माझी नव्हे, गल्लीतल्या पोरांची. किलोमीटर परवडत नव्हता म्हणून चौघांनी मिळून एक मीटर घेतला. त्यातल्या एकानं विचारलं, “काकी, आमचा मीटर कुठला? चढाचा नको हं.”

मागायचं कसं, कधी

यादी लग्नपत्रिकेची काढा. घरातल्या शेवटच्या लग्नाला कुणाकुणाला पत्रिका दिल्या, त्याहून चांगली यादी जगात नाही. दीडशे नावं सहज निघतात. त्यातली दहा आधी निवडा, जी नाही म्हणणार नाहीत. सगळ्यात पहिला किलोमीटर स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पैशानं. मग या दहांचे भरा. रिकाम्या फळ्यावर पहिलं नाव लिहायला कुणी येत नाही, अकरा नावं दिसली की बारावा विचारतो, “माझं कुठं घालतेस?” आमच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर मी खरोखरच फळा लावला होता. टपरीवाल्या मामांनी खडू स्वतःचा दिला.

ग्रुपवर एकच मेसेज टाकून मोकळं होऊ नका. प्रत्येकाला वेगळा लिहा, नाव घालून, आणि किलोमीटर तुम्हीच नेमून द्या. मी आत्याला लिहिलेला असा होता :

“आत्या, जानेवारीत मुंबईला ४२ किलोमीटर पळणार आहे. गगनबावड्याच्या बाजूनं डायलिसिसला येणाऱ्यांच्या गाडीभाड्यासाठी पैसे जमवतेय. २७ वा किलोमीटर तुमच्यासाठी ठेवलाय, तुमच्या लग्नाची तारीख २७ म्हणून. १,१०१ रुपये. क्यूआर संस्थेचा आहे, पावती त्यांची येईल. जमणार नसेल तर तसं सांगा, राग नाही. रविवारी पळून झालं की येते, चहा ठेवा.”

आत्यांनी पैसे दिले आणि वर सांगितलं की लग्न २६ ला झालं होतं.

वेळ साधणं हे निम्मं काम. गणपतीच्या आधी आणि गणपतीत तोंड उघडू नका, सगळ्यांचे खिसे वर्गणीनं हलके झालेले असतात. दसऱ्यानंतर नोकरदारांना महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विचारा. गावाकडच्या मामा-काकांना उसाचं बिल जमा झाल्यावर. कायद्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवं, प्रत्यक्षात जेव्हा मिळेल तेव्हा. म्हशीवाल्यांकडे दूध बिलाच्या दिवशी. दिवाळीच्या आठवड्यात मी मागत नाही, फराळ खाते आणि नोव्हेंबरचं सांगून येते.

दर रविवारी एक मेसेज : किती पळाले, किती जमले, किती किलोमीटर उरले. तीन ओळी, वर घामेजलेला एक फोटो. आणि ज्या दिवशी ३० किलोमीटर होतील त्याच दुपारी राहिलेल्यांना दुसऱ्यांदा विचारा. पायऱ्या उतरताना कठडा धरलेला असतो, आवाजात खरेपणा आपोआप येतो. माझे सगळ्यात जास्त किलोमीटर त्या रविवारी गेले. तिसऱ्यांदा मात्र विचारू नका. माणसं जपायची असतात.

लोक काय म्हणतात? “पळायचे पैसे मिळतात व्हय तुला?” नाही, उलट फी भरते. “मग ती फीच का देत नाहीस त्यांना?” हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर : फी दिली असती तर माझ्या एकटीचे तेवढेच गेले असते, आता फळ्यावर पस्तीस नावं आहेत. “ऑफिसमध्ये बघतो” म्हणजे नाही. “पुढच्या महिन्यात” म्हणजे खरंच पुढच्या महिन्यात, वहीत लिहून ठेवा.

टी-शर्ट छापू नका. दुकानदार प्रायोजक, बॅनर, उद्घाटन, पाहुणे यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात भिशीच्या बायकांनी आठ किलोमीटर घेतले होते.

पाय मुरगळला आणि पळता येणार नसेल तर? त्याच दिवशी सगळ्यांना सांगा. पैसे संस्थेकडे गेलेले आहेत, ते पळण्याच्या अटीवर नव्हते, हे सुरुवातीलाच लिहिलेलं असलं की ओशाळावं लागत नाही. बरे झालात की तेवढं अंतर रंकाळ्याभोवती चालून काढा.

मुंबई

महालक्ष्मी एक्स्प्रेस कोल्हापुरातून रात्री निघते आणि सकाळी सीएसएमटीला सोडते. पूर्ण मॅरेथॉनही तिथूनच सुटते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तिकीट गुरुवारी रात्रीचं काढा, म्हणजे शुक्रवारी बिब घेऊन शनिवारी पाय वर करून पडता येतं. बिब मिळते त्या प्रदर्शनात चार तास फिरून पायांचं वाटोळं करणारे शेकड्यानं असतात.

आपल्याला नडते ती तिथली दमट हवा. कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटे कानटोपी लागते, तिथं उजाडायच्या आधीच घाम निथळतो. म्हणून सरावातल्या वेगापेक्षा किलोमीटरमागं दहा-पंधरा सेकंद हळू सुरू करा. आठ मिनिटांना एक किलोमीटर धरला तर ४२.१९५ ला पाच तास अडतीस मिनिटं लागतात, आणि पहिल्या वेळी त्यात लाज नाही. पहिल्यापासूनच नऊ मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं ठेवलं तर तिसाव्या किलोमीटरनंतर हाल कमी होतात.

मी ४२ नावांची यादी छापून प्लास्टिकमध्ये घालून कमरेला लावते. दर किलोमीटरला त्या माणसाची आठवण काढायची. २७ ला आत्या येतात, ३४ ला तो लग्नातला नातेवाईक. होय, दुसऱ्या वर्षी त्यानंही दिले.

हिशेब

परतल्यावर जिना उलटं उतरायचे दोन दिवस जाऊ द्या आणि त्याच आठवड्यात हिशेब मिटवा. संस्थेकडून जमेचा उतारा घ्या, तुमच्या वहीशी नावानिशी ताडून बघा. एका पानाचा तक्ता करा : कुणी किती दिले ते नको, काहींना अवघडल्यासारखं होतं; नावं वेगळी आणि एकूण रक्कम वेगळी. खाली माझा खर्च किती आणि तो माझा मी केला, ही ओळ. संस्थेनं पहिल्या तीन महिन्यांत किती फेऱ्यांचं भाडं दिलं ते एप्रिलमध्ये विचारून सगळ्यांना कळवा. हे दुसरं पत्र कुणीच पाठवत नाही, आणि पुढच्या वर्षी निम्मे किलोमीटर त्याच पत्रावर जातात.

रोख दिलेल्यांच्या पावत्या हातात नेऊन द्या. गेल्या वर्षी माझ्या वहीपेक्षा संस्थेची जमा ५१ रुपयांनी जास्त येत होती. दोन संध्याकाळी शोधत होते. शेवटी टपरीवाले मामा म्हणाले, “ते माझं. पोराला सांगून क्यूआरवर टाकलं, अर्धा मीटर. तुला कशाला सांगायचं?” संस्थेकडून ५१ ची पावती करून आणली आणि त्यांना दिली. त्यांनी ती दूधवाल्याच्या बिलांच्या तारेला अडकवली आणि फळ्यावरचं माझं जुनं अक्षर पुसून विचारलं, यंदा फळा कधी लावायचा?